हातावरची चामखीळ : मासळीतून नाही, माणसातून

चामखीळ मासळीमुळे होते असं बंदरावर सर्रास बोललं जातं. तसं नाही. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. पण आपल्या धंद्यात त्याला वाट सोपी मिळते. ससून डॉकला तासन्‌तास कोलंबी सोलणाऱ्या बायकांचे हात बघा: बर्फाच्या पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी, त्यात बारीक जखमा. मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांच्या हातांवर या विषाणूचा ७ नंबरचा प्रकार खास करून सापडतो. तोही मासळीत नसतो.

लागण होऊन चामखीळ दिसायला महिने जातात, म्हणून कोणाकडून आली ते कळत नाही. ब्लेडने कापू नका, दाताने कुरतडू नका, एकीच्या दहा होतात. हातमोजे, टॉवेल आपापले ठेवा. लहान मुलांच्या बऱ्याचशा दोनेक वर्षांत आपोआप जातात. मोठ्यांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध रोज, दोन-तीन महिने लावावं. चेहऱ्यावर नको, आणि शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

शिंगाळ्याचा काटा टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी गाठ आली, पू येऊ लागला, तर ती चामखीळ समजू नका. पाण्यात आणि मासळीवर असणाऱ्या, क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदाची ती लागण असू शकते. डॉक्टरांना काटा टोचल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर महिनोन्‌महिने भलतंच मलम चालू राहतं.