शाळेच्या बागेतील मोरवेल : लागवड, निगा व वर्गपाठ

जून महिन्यात शाळा उघडते आणि मुले मोठ्या उत्साहाने वेलीचे रोप लावतात. पावसाळाभर वेल जोमाने वाढते. मार्च उलटल्यावर विहिरीचे पाणी खोल जाते, मे महिन्यात शाळेला सुटी असते, आणि पुढील जूनमध्ये मुले परत येतात तेव्हा भिंतीवर वाळलेल्या काड्यांचे जाळे तेवढे उरलेले असते. मराठवाड्यातील शाळांना हा अनुभव अपरिचित नाही. एक वेल गेली, ही हानी लहान आहे. परंतु लावणे हा एका दिवसाचा समारंभ असून जगविणे हे कोणाचेच काम नव्हे, असा पाठ मुलांनी त्यातून नकळत घेतला, तर ती हानी मोठी होय. म्हणून वेल निवडण्यापासून उन्हाळ्यात ती राखण्यापर्यंतचे काम वर्गपाठाशी जोडून वर्षभर चालवावे.

वेलीची ओळख

चित्रांतून व दिनदर्शिकांतून मोठ्या जांभळ्या फुलांची ‘क्लेमॅटिस’ नावाची वेल पुष्कळांनी पाहिली असेल. बागेत लावल्या जाणाऱ्या मोठ्या फुलांच्या जाती बहुतांशी संकरातून निर्माण झाल्या आहेत. इंग्लंडमधील वोकिंग येथे जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली केलेल्या संकरातून जी प्रसिद्ध जात निघाली, ती १८६२ साली प्रथम फुलली. चीनमधून आणलेली मोठ्या फुलांची एक जात या संकरात वापरली होती. या वेलींना थंड हिवाळा व सौम्य उन्हाळा मानवतो. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे त्या टिकणे कठीण. म्हणून चित्र पाहून महाग रोप मागविण्याचा मोह शाळेने टाळावा.

याच वेलीच्या सख्ख्या बहिणी आपल्या डोंगरांत आहेत. त्यांना मोरवेल किंवा रानजाई म्हणतात. नाव रानजाई असले तरी ही जाईच्या कुळातील नव्हे. मराठी वनस्पतिशास्त्रात तिच्या कुळास मोरवेल कुल असेच नाव दिलेले आहे. सह्याद्रीत पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, एका जातीची पांढरी, चांदणीसारखी फुले कुंपणांवर व झुडपांवर दिसतात. विदेशी फुलांच्या मानाने ती लहान असतात. परंतु रचना तीच आणि स्वभावही तोच. कन्नड, सोयगाव, खुलताबाद या डोंगराळ तालुक्यांतील शिक्षकांनी मुलांसह परिसरात तिचा शोध घ्यावा आणि गावातील गुराख्यांना व वडीलधाऱ्यांना विचारावे.

मात्र डोंगरातून वेल उपटून आणू नये. गौताळा-औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथील वनस्पतीस हात लावणे कायद्याच्या विरुद्ध आहे. रोप परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावे, अथवा गावातील बांधावरच्या वेलीचे पिकलेले बी मालकास विचारून जमवावे. बी उगवण्यास अनेक आठवडे लागतात. कुंडीतील माती ओलसर ठेवून धीर धरावा.

लागवड

या वेलीच्या निगेचे सारे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : पाय सावलीत, माथा उन्हात. मुळांना गारवा हवा, शेंड्यास प्रकाश हवा. म्हणून पूर्वेकडील भिंत किंवा कुंपण निवडावे. दुपारच्या उन्हात तापणारी पश्चिमेची भिंत व पत्र्याची बाजू टाळावी.

दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. काळ्या चिकण मातीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून तळाशी विटांचे तुकडे घालून वर मुरूम, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत मातीत मिसळून भरावे. पहिले चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. कुंडीत रोपाचा बुंधा जेवढ्या खोलीवर होता, त्याहून दोन ते तीन इंच खोल तो पुरावा. असे केल्याने खोडाची एक-दोन पेरे मातीखाली राहतात. वरचा भाग मोडला, शेळीने खाल्ला किंवा वाळला, तरी या पेरांतून नवे कोंब निघू शकतात.

आधार बारीक असावा. ही वेल पानाच्या देठाने आधार धरते आणि तो नाजूक देठ जाड बांबूस वेढा घालू शकत नाही. बांबूच्या चिपा, काथ्याची दोरी किंवा तारेची जाळी वापरावी.

निगा

बुंध्याभोवती दोन हात रुंदीचे आळे करून त्यावर उसाचे पाचट, ज्वारीच्या वाळलेल्या धाटांचे तुकडे किंवा पालापाचोळा चार बोटे जाडीने पसरावा. खोडास मात्र तो भिडू देऊ नये. आळ्याच्या कडेस झेंडू किंवा तुळस लावल्यास मुळांवर सावली राहते.

उन्हाळ्याची तजवीज फेब्रुवारीतच करावी. मातीचे, न भाजलेले नव्हे परंतु झिलईही न दिलेले, साधे मडके बुंध्यापासून एका वितीवर गळ्यापर्यंत पुरावे आणि पाणी भरून झाकण ठेवावे. मडक्यातून पाझरणारा ओलावा थेट मुळांशी जातो व उन्हाने उडून जात नाही. पोषण आहारानंतर मुले हात धुतात ते साबण नसलेले पाणी आळ्यात वळवावे. सुटीत मडके भरण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्यांना वाटून द्यावी, नावांचा तक्ता दारावर लावावा आणि एका पालकास देखरेखीची विनंती करावी.

छाटणी बी उडून गेल्यावर, हिवाळा संपताना करावी. वाळलेल्या व गुंतलेल्या फांद्या काढून सशक्त डोळ्यांच्या वर काप घ्यावा. एखादी फांदी एकाएकी माना टाकू लागली, तर बुरशीचा संशय घेऊन ती निरोगी भागापर्यंत कापून जाळावी.

दक्षता : या कुळातील वनस्पतींचा ताजा रस त्वचेस व तोंडास दाह करतो. पाने चुरगळू नयेत, चावू नयेत. काम झाल्यावर हात धुवावेत. छाटणी शिक्षकांनी स्वतः करावी.

वर्गपाठ

१. वेली कशा चढतात? गोकर्णाचे खोड आधाराभोवती फिरते. कारल्याला ताणे असतात. बोगनवेल काट्यांनी अडकते. मोरवेल पानाच्या देठाने धरते. चारही प्रकार मुलांनी प्रत्यक्ष पाहावेत. चार्ल्स डार्विन याने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात क्लेमॅटिसच्या कोवळ्या देठांना हलका स्पर्श केल्यास ते त्या बाजूस वळतात, असे दाखविले आहे. मुलांनी कोवळ्या देठाजवळ एक काडी बांधून रोज त्याची आकृती काढावी.

२. पाकळी कोणती? मोरवेलीच्या फुलात जो पांढरा भाग पाकळीसारखा दिसतो, ती खरी पाकळी नसून निदल आहे. जास्वंदीच्या फुलाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो.

३. बी कसे प्रवास करते? फूल गळल्यावर प्रत्येक फळास पिसासारखी केसाळ शेपटी राहते व वाऱ्याने फळ उडते. रुईच्या म्हातारीशी तिची तुलना करावी.

४. गणित : दर सोमवारी वेलीची उंची सुतळीने मोजून आलेख काढावा. एका आळ्यावर पाचट घालून व दुसरे उघडे ठेवून कोणती माती अधिक दिवस ओली राहते, याची नोंद ठेवावी.

जूनमधील पहिला पाठ

शाळा पुन्हा उघडल्यावर वेल वाळलेली दिसली, तरी ती तत्काळ उपटू नये. नखाने खोड किंचित खरवडून पाहावे. आत हिरवेपणा असेल तर जीव आहे. हिरवेपणा नसला तरी बुंध्यास पाणी देऊन पावसाचे काही आठवडे वाट पाहावी. मातीखालच्या पेरातून कोंब फुटला, तर तो ज्यांनी सुटीत मडके भरले त्या मुलांस प्रथम दाखवावा. आणि कोंब न फुटल्यास चूक कोठे झाली, याची चर्चा त्याच आळ्याजवळ बसून करावी व त्याच खड्ड्यात नवे रोप लावावे.