सोनेरी जाळ्याची मालकीण

प्रश्न : पावसाळा सरत आला की आमच्या कोकणात ओढ्याकाठच्या झाडांमध्ये उन्हात सोनेरी दिसणारं भलंमोठं जाळं आढळतं. त्यात तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी असतो आणि आसपास इवलेसे लालसर कोळी. ती त्याची पिल्लं का? तो विषारी असतो का?

उत्तर : आपण पाहिलेली ती मादी आहे. हिला 'जायंट वूड स्पायडर' म्हणतात. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांत ती राहते. सह्याद्रीत ती आवर्जून दिसते.

ते इवलेसे कोळी तिची पिल्लं नव्हेत. त्यांतला एखादा तिचा नर असतो. मादीचं शरीर, पाय सोडून, तीन ते पाच सेंटिमीटर लांब. नर मात्र जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. बाकीचे बहुधा अर्गायरोडिस वंशातले चोरटे कोळी. तिच्या जाळ्यात अडकलेल्या छोट्या कीटकांवर ते डल्ला मारतात.

जाळ्याची जागाही नीट पाहा. दोन झाडांमधली मोकळी फट, ओढ्यावरची मोकळी जागा, पायवाटेची कमान, म्हणजे जिथून उडणाऱ्या कीटकांची ये-जा असते, नेमकी तीच जागा. जाळ्याचा मध्य वरच्या कडेकडे सरकलेला असतो आणि मादी खाली डोकं करून बसते. वर चढण्यापेक्षा खाली धावणं तिला सोपं, म्हणून जाळ्याचा मोठा भाग तिच्या खाली असतो. तिच्या अंगावरचे पिवळे पट्टेही कामाचे आहेत. तैवानमधल्या अभ्यासात अशा माद्यांच्या जाळ्यांत पूर्ण काळ्या माद्यांपेक्षा जास्त कीटक आले. पट्ट्यांकडे ते आकर्षित होतात.

विष म्हणाल तर ते कीटकांसाठी. माणसाला तिच्यापासून धोका नाही. अगदी हातात दाबली गेली तरच चावते. वेदना होतात, पण त्या थोड्या वेळात शमतात.

अंडी घालायला ती जाळं सोडून जमिनीवर उतरते, उथळ खड्ड्यात रेशमी कोष ठेवते आणि माती-पाचोळ्याने झाकते. म्हणजे तिला वरच्या झाडांइतकीच खालची पाचोळ्याची जमीनही लागते. रान झाडून-जाळून साफ केलं, तर पुढची पिढीच संपते.

वाटेत जाळं आडवं आलं तर काठीने तोडू नका. ती रोज नवं जाळं विणत नाही. तेच भागाभागाने दुरुस्त करून दिवसेंदिवस वापरते. वाकून किंवा बाजूने जा.