भुईमुगाचे बी : वारशाने काय येते आणि काय येत नाही

ढिगात हात घालावा, मूठभर शेंगा उचलाव्या, दोन फोडून दाणा पाहावा आणि भाव बोलावा, ही आपल्या बेळगावच्या पेठेची रीत होय. दाण्याचे वजन आणि शंभर किलो शेंगांतून पडणारा दाण्याचा उतारा, यांवर सौदा ठरतो. परंतु मृग जवळ आला म्हणजे त्याच ढिगाकडे बोट दाखवून शेतकरी म्हणतो, "सावकार, यंदा ज्याला भरघोस शेंगा लागल्या, त्यातलंच बी द्या." अशा वेळी व्यापाऱ्यास थोडे वनस्पतिशास्त्र ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण चांगल्या पिकाचे बी आणि चांगल्या वाणाचे बी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

भुईमुगाचे फूल जमिनीवर येते व बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. मग आरी सुटून मातीत शिरते आणि शेंग तेथे पोसते. (म्हणजे शेंग हे फळ होय, तिला कंद म्हणणारे चुकतात.) मधमाश्यांमुळे होणारा संकर थोडाच असल्याने शुद्ध वाणाचे गुण पिढ्यानपिढ्या टिकतात. वाण बिघडतो तो बहुधा खळ्यावर आणि आपल्या गोदामात, सरमिसळीने.

मात्र सर्व गुण सारख्याच खात्रीने उतरत नाहीत. शंभर दाण्यांचे वजन आईबापांप्रमाणे पुष्कळ अंशी संततीत उतरते. उत्पन्नाचे तसे नाही. झाडास शेंगा किती, शेंगेत दाणे किती, दाणा किती भरला, या प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुके असतात. आणि त्यांवर पाऊस, जमीन व दोन झाडांतील अंतर यांचा अंमल चालतो. बांधाकडेच्या झाडास ऊन व मोकळी माती अधिक मिळते, म्हणून ते शेंगांनी लगडते. त्याचे बी पेरल्यास मोकळी माती काही वारशाने येत नाही! यास्तव संशोधक एका झाडावर भरवसा न ठेवता त्याची संतती अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत पेरून पाहतात.

उलट काही गुणांचा हिशेब आपल्या खातेवहीइतका चोख असतो. तेलातील ओलिक आम्ल अधिक असल्यास तेल व दाणा लवकर खवट होत नाही. आपल्या धंद्यास याचे मोल सांगावयास नको. हा गुण मुख्यतः दोन अप्रभावी जनुकांवर अवलंबून आहे. दोन्ही बाबतींत भिन्न असलेल्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत तो दिसत नाही. दुसऱ्या पिढीत सोळांत सुमारे एका रोपात प्रकटतो. अमेरिकेत फ्लोरिडा येथे सापडलेल्या अशा वाणाची माहिती १९८७ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे जुनागढ व हैदराबाद येथील संस्थांच्या परिश्रमाने 'गिरनार-४' व 'गिरनार-५' हे वाण २०२० साली देशास मिळाले. त्यांत हे आम्ल सुमारे ८० टक्के असते, साध्या वाणांत ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास.

ट्रॉम्बे येथे क्ष-किरणांचा मारा करून काढलेल्या टपोऱ्या दाण्याच्या 'टीजी-१' ची गोष्ट निराळी. तेथे संकर नव्हता, जनुकातच पालट घडविला होता.

बियाणे म्हणून माल विकण्यास १९८३ च्या आदेशान्वये परवाना लागतो, हे आपण जाणताच. तो नसल्याने आम्ही शेतकऱ्यास ढिगातील माल बी म्हणून देत नाही. वाणाचे नाव ठाऊक असलेल्या शेतातील शेंगा वेगळ्या वाळवाव्या, सालीसकट ठेवाव्या आणि पेरणीच्या तोंडावरच फोडाव्या, एवढे सांगतो.