प्रेम जवळ जाते

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत प्रेमासाठी 'अगापे' हा शब्द वारंवार येतो. समोरची व्यक्ती त्या योग्य आहे का, परतफेड करील का, हे न पाहता तिचे भले करणारे हे प्रेम आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभु येशू शिष्यांचे पाय धुतो. त्यांच्यात यहूदाही होता. तो विश्वासघात करणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी त्याने त्याला वगळले नाही. हेच प्रेम पुढे वधस्तंभापर्यंत गेले.

1873 मध्ये बेल्जियमचे फादर डेमियन हवाईतील मोलोकाई बेटावर गेले. तेथे कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवले जाई. फादर तेव्हा 33 वर्षांचे होते. त्यांनी रोग्यांच्या जखमा बांधल्या, घरे उभारली, शवपेट्याही बनवल्या. पुढे त्यांनाही तोच रोग जडला. तरी ते तेथेच राहिले आणि 1889 मध्ये तेथेच मरण पावले.

आपल्याला कदाचित दूरच्या बेटावर जावे लागणार नाही. घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल, एकच प्रश्न दहादा विचारणारी. किंवा बोलणे बंद झालेला भाऊ असेल. औषधाचे पैसे देणे सोपे असते. उशाशी बसणे कठीण. कारण तेथे आपला वेळ, आराम आणि 'माझेच बरोबर' हा हट्ट सोडावा लागतो.

आज असे एक नाव प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा. मग उठून त्या व्यक्तीजवळ जा. तिने आभार मानले नाहीत, तरी उद्या पुन्हा जा.