शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

उपासक-उपासिकांनो, विनयपिटकाच्या महावग्गातील अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आपण विहारात पुष्कळदा ऐकली आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. घरात कर्करोगाचा रोगी असलेल्यांना तोच अधिक उपयोगाचा आहे.

शुश्रूषेला कठीण असा रोगी कोणता, हे तेथे सांगितले आहे. जो हितकर ते करीत नाही, औषध घेत नाही, दुखणे खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही, तो. म्हणजे रोगी कठीण असू शकतो, हे विनयाने मान्यच केले आहे. केमोथेरपीनंतर मळमळते, तोंड येते, अन्नाची चव जाते. रोगी ताट सारतो, सुनेवर ओरडतो. ती चिडते, आणि मग 'आजारी माणसाचा मला राग आलाच कसा?' म्हणून रात्रभर स्वतःला दोष देते. राग आला म्हणून तिची करुणा आटली असे नव्हे. ती थकली आहे. झोप उडाली, अन्न जाईना, कशातच मन लागेना, असे चालूच राहिले तर रोग्याबरोबर तिलाही डॉक्टरांना दाखवावे.

त्यात शेजारी म्हणतात, 'मागच्या जन्मीचे भोग.' मोळिय सीवक या परिव्राजकाने हाच प्रश्न तथागतांना विचारला होता. पित्त, कफ, वात, ऋतुपालट अशी कारणे सांगून, सर्व वेदना पूर्वकर्मानेच होतात हे मत त्यांनी नाकारले, असे संयुत्तनिकायात आहे. कर्करोग स्पर्शानेही पसरत नाही. रोग्याचे ताट-पेला वेगळा काढू नये.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथे उपचार घेणारी खेड्यापाड्यांतील कितीतरी माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. सोबतचे माणूस महिनोन्‌महिने घरापासून दूर असते. गावाकडच्यांनी नुसते पैसे पाठवून भागत नाही, पाळीने माणूस पाठवावे. (पाळीचा विषय निघाला की आमच्या पुरुषांना नेमकी शेतातली कामे आठवतात!) पैशाची, राहण्याची अडचण रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मोकळेपणाने सांगावी. मन फारच खचले तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. सरकारने 2022 पासून ही सोय विनामूल्य ठेवली आहे. फोन रोग्यानेच करावा असे नाही.

भिक्खू मरण पावल्यावर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, अशीही विनयाची अनुज्ञा आहे. आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलेल्या माणसावर पाच-सहा भाषणे होतात. वर्षभर उशाशी बसलेली सून त्या वेळी मागीलदारी भांडी घाशीत असते.