ताऱ्याच्या हेलकाव्यावरून ग्रहाचे वस्तुमान

दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सहसा दिसत नाही. पण ग्रह आणि तारा दोघेही सामायिक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून ताराही किंचित हेलकावतो. मोजायचा तो हा हेलकावा. उदाहरणाला ५१ पेगासी घेऊ. सुमारे ५० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याचा ग्रह मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून शोधला.

आधी ताऱ्याचे तापमान आणि तेजस्विता यांवरून त्याचे वस्तुमान ठरवा. ५१ पेगासीचे ते सूर्याच्या सुमारे १.१ पट आहे. इथे चूक झाली तर ती थेट उत्तरात उतरते.

हेलकाव्यामुळे तारा आपल्याकडे येतो किंवा दूर जातो, तशा त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. म्हणून मग अनेक रात्री ताऱ्याचा वर्णपट घ्या आणि प्रत्येक वेळी सोबत थोरियम-आर्गॉन दिव्याचाही घ्या. दिव्याच्या रेषांच्या जागा पक्क्या ठाऊक असल्यामुळे उपकरण स्वतः किती सरकले ते कळते. आपल्याकडे माउंट अबूचा ‘पारस’ वर्णपटमापकही याच रीतीने चालतो. ही काळजी अनाठायी नाही: ५५० नॅनोमीटरवरची रेषा या ग्रहामुळे जेमतेम ०.०००१ नॅनोमीटर सरकते. एका रेषेवरून एवढे कळणे अशक्य, म्हणून हजारो रेषांचे सरकणे एकत्र करून वेग काढा.

त्यातून पृथ्वीची गती वजा करा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. आपल्याला हवा असलेला वेग त्याच्या पाचशेव्या हिश्शाएवढा आहे.

उरलेले वेग तारखांप्रमाणे मांडा आणि त्यांची लय शोधा. इथे आवर्तनकाल ४.२३ दिवस येतो, तर वेग मध्यापासून दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे ५६ मीटर बदलतो. रेषांचा आकारही त्याच लयीत बदलत असेल तर थांबा. तो ताऱ्यावरच्या डागांचा परिणाम असू शकतो.

आता गणित. कक्षा वर्तुळाकार आणि ग्रह ताऱ्यापेक्षा खूप हलका असेल, तर ५६ ला सूत्रातल्या २८.४ या स्थिरांकाने भागा (१.९७). आवर्तनकाल वर्षांत मांडून त्याचे घनमूळ काढा (०.२२६). ताऱ्याच्या वस्तुमानाचा वर्ग करून त्याचेही घनमूळ घ्या (१.०६६). तिन्हींचा गुणाकार सुमारे ०.४७, म्हणजे ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या जवळपास निम्मे.

हे मात्र किमान वस्तुमान. कक्षा आपल्या दिशेला किती कललेली आहे हे वेगावरून कळत नाही. ग्रह आपल्याला दिसणाऱ्या ताऱ्यासमोरून जात असेल, म्हणजे अधिक्रमण करत असेल, तर प्रश्न सुटतो. एचडी २०९४५८ च्या ग्रहाचे अधिक्रमण १९९९ मध्ये दिसले, कल ८७ अंशांच्या आसपास निघाला, आणि गुरूच्या ०.६९ पट हे त्याचे खरे वस्तुमान ठरले. अधिक्रमण नसेल तर ‘गाया’ यानाने टिपलेली ताऱ्याची आकाशातली हालचाल तपासा. एचडी ११४७६२ च्या सोबत्याचे किमान वस्तुमान १९८९ मध्ये गुरूच्या ११ पट आले होते. कल समजल्यावर तो एक लहान ताराच निघाला. कल मिळेपर्यंत उत्तरापुढे ‘किमान’ लिहाच.