पादसुप्ती : वार्धक्यातील पूर्वरूपे व त्यांचे परीक्षण

“पायांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, वय झाले, वात वाढला असेल” असे सांगत वृद्ध रुग्ण येतो आणि तेल व शेक मागतो. वार्धक्य हा वातप्राबल्याचा काळ होय, हे शास्त्रसंमतच आहे. परंतु पायाला हात न लावता शेक सुचविणे हे मात्र शास्त्रसंमत नाही.

शास्त्राधार : चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २० व्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांमध्ये पादसुप्ततेची गणना केली आहे. निदानस्थानाच्या ४ थ्या अध्यायात मात्र हातापायांची सुप्तता व दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे म्हणून येतात. यास्तव प्रत्येक पादसुप्तीत प्रमेहाचा शोध घेणे क्रमप्राप्त ठरते. पुढे स्वेदाध्यायात (सूत्रस्थान, अध्याय १४) मधुमेही रुग्ण अस्वेद्य सांगितला आहे. बधीर त्वचेस उष्णतेचा बोध होत नाही. शेकाने फोड उठला तरी रुग्णास कळत नाही व त्याचे रूपांतर दुष्टव्रणात होते.

पूर्वरूपे : आरंभ बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो व बधिरता मोज्याप्रमाणे वर सरकते. कापसावरून चालल्याचा भास, चालताना चप्पल निसटल्याचे न कळणे, अंधारात तोल जाणे, तळव्यांचा घाम कमी होऊन त्वचा रुक्ष होणे व भेगा पडणे, ही लक्षणे रुग्ण आपणहून सांगत नाही. ती विचारावी लागतात. वेदना नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, हेही ध्यानी घ्यावे.

परीक्षण : रुग्णास डोळे मिटण्यास सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या टोकास तर्जनीने १ ते २ सेकंद हलका स्पर्श करावा, दाबू अथवा चोळू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श न कळल्यास संवेदनाहानी समजावी. ही इप्सविच स्पर्शचाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. शक्य तेथे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट व १२८ हर्ट्झचा नादकाटा वापरावा. बोटांमधील बेचके व टाचाही पाहाव्यात.

सापेक्ष निदान : कटीपासून एका पायात उतरणारी वेदना गृध्रसी सुचविते. फिकट बधीर चट्टा व जाड झालेली नाडी आढळल्यास कुष्ठरोगाची तपासणी करवावी. मद्यपान, ब १२ जीवनसत्त्वाची न्यूनता व मेटफॉर्मिनचे दीर्घकाळ सेवन यांविषयी विचारावे. रक्तशर्करा, एचबीए१सी व ब १२ तपासून घ्यावे.

दक्षता : पादाभ्यंगासाठी तेल कोमट असावे व त्याची उष्णता घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावी, बेचक्यांत तेल साठू देऊ नये. व्रण असल्यास तेथे अभ्यंग करू नये. चालू असलेली मधुमेहाची औषधे परस्पर बंद करू नयेत. आपल्या जिल्ह्यात कपाशीच्या रानात वा मोसंबीच्या बागेत अनवाणी वावरणाऱ्यांना, तसेच अंगारकीस राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्या वृद्ध भाविकांना पादत्राणाचे महत्त्व आवर्जून सांगावे. बाभळीचा काटा रुतला तरी सुप्त पाय तक्रार करीत नाही. म्हणून रोज रात्री दोन्ही तळवे पाहण्याची सवय लावावी.

अकस्मात वा वेगाने वाढणारी बधिरता, पायाचा लुळेपणा, मूत्रावरील ताबा जाणे, न भरणारा व्रण, अथवा वेदनेवाचून लाल, उष्ण व सुजलेला पाय दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

नाडीपरीक्षेस जेवढा वेळ देतो, त्यातील एक मिनिट रुग्णाच्या पायांस द्यावे. एखाद्या वृद्धाचा पाय त्यामुळे वाचू शकेल.